घरात धान्य आहे, मग बाळाचं वजन का वाढत नाही?

पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका उपकेंद्रात चार महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने विचारलंय: "रेशनचा तांदूळ घरात आहे, अंगणवाडीचा आहार मिळतो, लसीकरण पूर्ण आहे. तरी सहा महिने ते दोन वर्षांची बरीच मुलं दर महिन्याला तिथल्या तिथे. आयांना पौष्टिक आहाराचं समजावतो, त्या हो म्हणतात, पुढच्या महिन्यात काटा तोच. नेमकं काय सांगू? आणि प्रोटीन पावडर सुरू करायला सांगू का?"

मी एकात्मिक बाल विकास योजनेत ३१ वर्षं काढली, त्यातली बहुतेक मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून, जव्हार-मोखाड्याच्या बीटमध्ये. पावडरीचं शेवटी सांगते. "काय सांगू" हे तुम्ही विचारलंत, तर पहिली दहा वर्षं मीही सांगतच होते. माझ्याकडे एक चित्रांचा तक्ता होता. त्यावर गाजर, सफरचंद, दुधाचा पेला. मोखाड्याच्या पाड्यावर गाजर कोणी पिकवत नाही, सफरचंद आजारी माणसाला भेटायला जाताना घेतात, आणि दूध घरच्या चहाला पुरलं तर नशीब. बायका माझ्यापुढे बसायच्या, "हां बाई" म्हणायच्या आणि उठून जायच्या. त्यांचं काही चुकत नव्हतं.

मग एका पावसाळ्यात, आवणीच्या, म्हणजे भात लावणीच्या दिवसांत, मी एका घरात सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती बसले. निमित्त होतं सर्वेक्षणाचं, पण वही उघडलीच नाही. घरात दहा महिन्यांची मुलगी, वजन ६ किलो ४००. आई सकाळी सातला आवणीला गेली. आजीने चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची पेज ठेवली. पेज निवली तशी पीठ तळाला बसलं, आणि आजीने ओगराळ्याने वरची वरची पेज वाटीत घेतली. मुलगी गटागटा प्यायली, पोट टम्म झालं, झोपली. दुपारी पुन्हा एक वाटी. आई साडेपाचला आली, पदराखाली घेतलं. रात्री भाताची चार शितं आणि डाळीचं वरचं पाणी. मी विचारलं, "आजी, एवढ्याने भागतं?" म्हणाली, "पोट भरला ना तिचा." आणि आजीचं बरोबर होतं. पोट भरलं होतंच, फक्त पाण्याने.

हे एकदा आकड्यांत बघा, कारण तुम्हाला ते पुढे रोज लागणार आहे. बाळाच्या जठरात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर मावतं. या मुलीचं झालं १९० मिलिलिटर, म्हणजे दोन लहान वाट्या, त्याही काठोकाठ. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी बाहेरच्या अन्नातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि पहिल्या वाढदिवसानंतर ५५०. त्या वाटीतलं पीठ मी अंदाजलं तेव्हा एक सपाट मोठा चमचा, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास निघालं. त्यात कॅलरी किती, तर ३३. दोन वाट्यांच्या ६६, आणि रात्रीचा भात-पाणी धरून ओढूनताणून १००. गरज ३०० ची. घरात नागलीचं पोतं होतं, तांदूळ होता, तुरीची डाळ होती. कणगी भरलेली असून बाळ तिसऱ्या हिश्शावर जगत होतं.

आता त्याच वाटीत १० ऐवजी २० ग्रॅम पीठ घाला: ६५. वर चहाच्या चमच्याने एक चमचा तेल: ४५. एक चमचा शेंगदाण्याचं कूट: २८. सुपारीएवढा गूळ: २०. दीडशेच्या वर गेलं, आणि वाटी तेवढीच. अशा दोन वाट्यांत दिवसाचा हिशोब जुळतो. तुमच्या "पौष्टिक आहार" या दोन शब्दांच्या जागी मी आजीला एवढंच दाखवलं असतं: चमचा उलटा धर, पेज लगेच सांडली तर ती बाळाची नाही, तुझी. चमच्याला धरून राहिली आणि मग पडली, तर बाळाची.

इथे एक अडचण येते आणि ती आजी लगेच सांगते: घट्ट केलं की बाळ थुंकतं. खरंच थुंकतं, नागलीचा गोळा होतो. यावर जुना उपाय आहे आणि तो घरातलाच आहे. नागली भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, हलकी भाजून दळायची. या पिठाचा एक चमचा घट्ट पेजेत, ती उतरवून जरा निवल्यावर, घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत पेज डोळ्यांदेखत सैल होते, एक थेंब पाणी न घालता. मोडातलं द्रव्य पिठूळपणा तोडतं म्हणून हे होतं. पुन्हा एक उकळी द्यायची आणि भरवायचं. भाजणं मात्र हलकंच ठेवा, करपलं की ते द्रव्य मरतं. हा प्रयोग अंगणवाडीच्या ओट्यावर करून दाखवा. मी तो करायची तेव्हा बायका उठून पातेल्यात डोकवायच्या. गाजराच्या चित्राकडे कोणी तसं कधी पाहिलं नाही.

तेलाला विरोध होईल. "तेलाने खोकला होतो." वाद घालू नका. जव्हारकडे पुष्कळ घरी खुरासणीचं तेल असतं, रोजच्या भाजीतलं. तेच अर्ध्या चमच्यापासून सुरू करा. आठ दिवसांनी खोकला झाला नाही, हे आजीच शेजारणीला सांगते. शेंगदाणे कधीही अख्खे नकोत, घशात अडकतात. आणि बुरशी धरलेला, कडू, सुरकुतलेला दाणा कुटात गेला तर त्याचं विष बाळाच्या यकृतावर जातं. दाणे निवडून घ्यायला सांगा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते: सांगून बदल का होत नाही. व्हिएतनाममधली एक गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. १९९० च्या अखेरीस सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेचे जेरी आणि मोनिक स्टर्निन तिथे गेले. सरकारने त्यांना निकाल दाखवायला सहा महिने दिले. थान होआ प्रांतातल्या गावांत निम्म्याहून जास्त मुलं कुपोषित. त्यांनी बाहेरून काही आणलं नाही. गावकऱ्यांनाच विचारलं, अगदी गरीब असूनही ज्यांचं मूल छान वाढतंय अशी घरं आहेत का? होती. त्या घरांत जाऊन पाहिलं तर आया भातखाचरातले चिमुकले झिंगे आणि खेकडे, रताळ्याचा कोवळा पाला बाळाच्या अन्नात घालत होत्या. गावात समज असा की हे मुलांना देऊ नये. शिवाय इतर घरं दिवसातून दोनदा भरवत, या आया तीन-चारदा, थोडं थोडं. मग गावात पंधरा-पंधरा दिवसांची एकत्र भरवण्याची बैठक सुरू झाली, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक आईने मूठभर झिंगे नाहीतर पाला घेऊन यायचा. तो आणणं हाच तिचा प्रवेश.

वाचलं तेव्हा मी हसले, कारण आपल्या खाचरातही पावसाळ्यात खेकडे निघतात, आणि डहाणू-पालघरच्या किनाऱ्यावरून सुका जवळा आठवडे बाजाराला येतोच. मोठ्यांच्या ताटात जवळ्याची चटणी असते, बाळाच्या वाटीत नसते. जवळा नीट धुऊन रेती काढायची, कडक वाळवून, भाजून पूड करायची, आणि आठव्या महिन्यानंतर भातात चिमूट-चिमूट घालून बघायची. अंगावर पुरळ उठतंय का, यावर दोन-तीन दिवस लक्ष. बाजारातला जवळा खारट असेल तर वरचं मीठ बंद.

तेव्हा तुमच्या पाड्यावरही ते एक घर शोधा. प्रत्येक पाड्यावर असतं. आमच्या एका पाड्यावर ती बाई भूमिहीन होती, नवरा दारू प्यायचा, आणि तिचा मुलगा वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वजन ठीक. काय वेगळं करत होती? बाळाला झोळीत घालून कामावर न्यायची आणि पोपटी रंगाच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट खिचडी सोबत ठेवायची. पाणी प्यायला सगळ्या बसल्या की ती चार घास भरवायची. बस्स. मी आठ बैठकांत सांगू शकले नसते ते त्या डब्याने सांगितलं. पुढच्या महिन्यात बाजारात तसे डबे खपले, असं दुकानदार मला म्हणाला. खरं-खोटं तो जाणे.

आणि यातच मूळ दुखणं आहे. बाळाला दिवसातून तीन-चार वेळा, बसून, बोलत, भरवायला कोणाचे तरी दोन हात मोकळे लागतात. आवणी, झोडणी, लाकूड, पाणी, मजुरी यांत आईचा दिवस संपतो. घरी राहते ती आजी, जिची नजर अधू झालीय, किंवा सात-आठ वर्षांची ताई, जिला स्वतःलाच भूक लागलेली असते. तुम्ही आईला आहार सांगता, ती मान डोलावते, आणि दुपारी भरवणारी व्यक्ती त्या बैठकीत नसतेच. म्हणून गृहभेटीत पहिला प्रश्न हा विचारा: "दुपारी बाळाला कोण भरवतं?" मग त्या व्यक्तीशी बोला. आजी असेल तर आजीशी, ताई असेल तर ताईशी. ताईला मी वाटीवर रंगाने रेघ मारून द्यायची, इथपर्यंत संपवायचं.

छत्तीसगडमध्ये यावर पाळणाघर हाच इलाज करून पाहिला. बिलासपूरजवळ गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी गावागावांत फुलवाऱ्या उघडल्या: सहा महिने ते तीन वर्षांची मुलं दिवसभर एका जागी, गावच्याच बायका सांभाळायला, सत्तू-खिचडी-अंडं वेळेवर. पुढे राज्यानेही तो नमुना उचलला. आपल्याकडे अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवते, त्याखालच्यांना शिधा घरी देते. म्हणजे ज्या वयात मूल घसरतं, नेमकं त्याच वयात ते आपल्या हातात नसतं. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका मजूर बाईला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची, हे कायद्यातच आहे. ग्रामसेवकाला विचारा, किती कामांवर नेमली? मी विचारायची तेव्हा तो आभाळाकडे बघायचा.

आता काही गोष्टी भराभर.

चहा. कोरा चहा आणि त्यात बुडवलेलं बटर, म्हणजे कडक पाव, हा कित्येक बाळांचा नाश्ता असतो. चहा अन्नातलं लोह बांधून ठेवतो आणि भूक मारतो. तसंच किराणा दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्या. मजुरीवरून आलेला बाप पोराला लाडाने तीच आणतो. त्याला रागावून उपयोग नाही. तशा दोन पुड्यांच्या पैशांत बाजारात अंडं मिळतं, तेवढं सांगा. बाप ऐकतात, आपण त्यांना विचारतच नाही.

घरी दिला जाणारा शिधा. आमच्या वेळची शिरा-उपम्याची पाकिटं कोंबड्यांपुढे टाकलेली मी पाहिली आहेत. चव नव्हती, म्हणून. घरात सात माणसं असतील तर बाळाचा शिधा सातांत वाटला जातो, त्यात चोरी नाही, संसार आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत, २०१५ पासून, आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा आईला रोज एक चौरस आहार अंगणवाडीतच मिळतो आणि त्यानंतर मुलांनाही आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी मिळू लागली. तिथे बसून खाल्लेलं पोटात जातं, हा त्यातला शहाणपणा. तुमच्या गावात आई खरंच तिथे बसून जेवते की डबा घरी नेते, हे एकदा बारा वाजता जाऊन बघा.

आजारपण. जुलाब लागले की घरात अन्न बंद करतात. उलट करायचं: दूध चालू, अन्न चालू, बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्त. ओआरएस सगळ्यांना माहीत झालंय, झिंक अजून नाही. झिंकची गोळी १४ दिवस द्यायची असते, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की पाकीट पत्र्याखाली खोचलं जातं. तुम्ही आठव्या दिवशी जाऊन ते मागा. संडास, हात धुणं, पाणी यांबद्दल एक खरं सांगते: बांगलादेश आणि केनियात यावर मोठ्या चाचण्या झाल्या, २०१८ मध्ये निकाल आले, आणि नुसत्या स्वच्छतेच्या कामांनी मुलांची उंची वाढली नाही, भरवण्याचा सल्ला आणि पूरक आहार दिला तिथे थोडी वाढली. म्हणून हात धुऊ नका असं नाही, पण भिंतीवर घोषवाक्य रंगवून वजन वाढेल ही आशा सोडा.

आई. अडीच किलोखालचं बाळ जन्मतःच मागे असतं, आणि ते आईच्या पोटात नऊ महिने मागे पडलेलं असतं. पुष्कळ घरांत गरोदरपणी कमी खातात, बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल म्हणून. लोहाच्या लाल गोळ्या १८० दिवस घ्यायच्या, चहाबरोबर नाही, जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतल्या तर बरं. काळी शी होते हे आधीच सांगा, नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या बंद. आणि अठराच्या आत लग्न झालेल्या पोरीचं दुसरं मूल पहिल्यानंतर दीड वर्षात येत असेल, तर कोणतीही खिचडी ते भरून काढत नाही. पाळणा लांबवायचं त्याच गृहभेटीत बोला.

मोजमाप. हे तुमच्या हातातलं आहे, म्हणून जरा थांबते. काट्याची सुई शून्यावर आहे का, मुलाच्या अंगावर स्वेटर-करदोडा किती, उंची मोजताना गुडघा सरळ दाबला का? एक सेंटिमीटर चुकलं तर मूल एका रकान्यातून दुसऱ्यात जातं. दंडघेर पट्टी डाव्या दंडाच्या मधोमध, हात लोंबता, पट्टी रुतेल अशी नाही. ११.५ सेंटिमीटरखाली तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत मध्यम. पण ११.६ आलं म्हणून सुटलं असं समजू नका. मागच्या महिन्यात १२ होतं का, ते बघा. मला सगळ्यात भीती वाटायची ती ज्या वहीत सगळ्यांची वजनं दर महिन्याला बरोब्बर दोनशे ग्रॅमने वाढलेली असत तिची. अंगणवाडी सेविकेला ओरडू नका. वजन घटलेलं लिहिलं की वरून तिलाच झापतात, मग ती का लिहील? खरं लिहिलं तर तिची पाठराखण कराल, हे तिला पहिल्या महिन्यातच कळू द्या.

पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे मुलाला दाखल करून उपचार होतात तिथे, कधी पाठवायचं: दोन्ही पावलांवर अंगठा दाबला आणि खड्डा राहिला तर, तीव्र गटातलं मूल खातच नसेल तर, ताप-धाप-सुस्ती असेल तर. त्या दिवशीच, उद्या नाही. आई "नाही" म्हणेल, कारण घरी दुसरी दोन आहेत आणि चौदा दिवसांची मजुरी बुडते. बुडीत मजुरी मिळते हे सांगा, आणि मागे राहिलेल्या दोघांना कोण जेवू घालणार ते तिच्या सासूबरोबर ठरवून मगच गाडी बोलवा. हे ठरलं नाही तर ती तिसऱ्या दिवशी न सांगता परत येते. त्यात तिचा हलगर्जीपणा शोधू नका. तीव्र आहे पण खेळतंय, खातंय, अशा मुलाला गावातच ग्राम बाल विकास केंद्रात सांभाळता येतं.

दिवाळीनंतर तुमची निम्मी यादी रिकामी होईल. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात, होळीला नाहीतर पावसाच्या तोंडावर परततात. जाण्याआधी त्या आईच्या हातात लसीकरणाचं कार्ड, झिंक-ओआरएस, मोडाच्या पिठाची पिशवी आणि भट्टीमालकाच्या गावच्या अंगणवाडीचं नाव असू द्या. शक्य असेल तर तिथल्या सेविकेला फोन करा. मी वहीच्या मागच्या पानावर असे नंबर ठेवायची, आणि परत आल्यावर पहिलं वजन मी स्वतः घ्यायची.

हा फक्त पाड्यांचा प्रश्न आहे असं समजू नका. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची खुजी, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ साली ३४ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३५. तेव्हा देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के. पुण्यातल्या माझ्या भाचीचं बाळही वर्षभर वरणाच्या पाण्यावरच होतं, फक्त वाटी चांदीची होती.

आता पावडर. नको. डब्याची किंमत म्हणजे त्या घरातल्या एका माणसाची दीड-दोन दिवसांची मजुरी, पावडर चमचाभर-चमचाभर पाण्यात कालवली जाते, आणि डबा आला की पेज आणखी पातळ होते, कारण "ताकदीचं" दिलंय. त्या पैशात तेल, शेंगदाणे, गूळ आणि पंधरा-वीस अंडी येतात. कुणी आधीच डबा आणला असेल तर फेकायला लावू नका, आहे तो संपू द्या. रिकामा झाला की त्यात मोडाचं पीठ भरून ठेवायला सांगा, झाकण घट्ट बसतं.